बोअरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवावा की 'फुल आयओटी' घ्यावं? वडील गावी, मी पुण्यात

निवांत_निफाडकर

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं गाव निफाड तालुक्यात. आई-वडील गावीच असतात, मी नोकरीसाठी पुण्यात. दीड एकर द्राक्षबाग आहे ती ठिबकवर, आणि खालच्या अंगाला एकरभर रानात कांदा, गहू जे असेल ते, त्याला अजून पाटानेच पाणी देतो म्हणजे वडील स्वतः दारं धरतात. बोअर घरापासून लांब, मधे ओढा लागतो. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री हे इथल्या शेतकरी लोकांना सांगायला नको. रात्रपाळी असली की वडील बॅटरी घेऊन एकटेच निघतात, वय सत्तरीला आलंय, आणि यंदा शेजारच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन बसलीय असं सगळा गाव म्हणतोय. आईचा रोज फोन, तू काहीतरी कर.

एका दुकानदाराकडे चौकशी केली तर त्याने दोन पर्याय सांगितले. एक साधा मोबाईल स्टार्टर, सिम टाकायचं, कॉल दिला की मोटार चालू. दुसरं त्याच्या भाषेत 'फुल आयओटी' म्हणजे सगळी यंत्रं इंटरनेटला जोडलेली, त्यात ४जी, ॲप, जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर, पानाच्या ओलेपणाचा सेन्सर, ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप, आणि दरवर्षी वेगळे पैसे भरायचे ते निराळेच. किमतीत पाच-सहा पट फरक आहे. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो पण स्टार्टरच्या पेटीत काय असतं ते मला काडीचंही कळत नाही.

तर हे आतून नेमकं चालतं कसं, कुठलं घ्यावं, आणि ज्यांनी बसवलंय त्यांना रोजच्या कामात खरंच काय फरक पडला ते सांगा. वडिलांचा विरोध आहे. म्हणतात, "मोटार तू पुण्यातून चालू करशील रे, फुटलेला पाईप पुण्यातून बुजवशील का?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वायरमन_तात्या

वडिलांना नमस्कार सांगा, माणूस बरोबर बोललाय.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, पॅनेलही बसवतो. आधी पेटीत काय असतं ते ऐका. तुमचा आत्ताचा स्टार्टर उघडला तर आत काँटॅक्टर दिसेल, त्याच्या कॉईलला करंट मिळाला की तो खट्टकन ओढला जातो आणि तिन्ही फेज मोटारीला जातात. हिरवं बटण कॉईलला करंट देतं, आणि एकदा ओढला गेला की काँटॅक्टर स्वतःच्याच एका जादा पॉइंटातून स्वतःला धरून ठेवतो म्हणून बटण सोडलं तरी मोटार चालू राहते. लाल बटण दाबलं की ते तुटतं. लाईट गेली तरी तुटतं, म्हणून लाईट परत आली की पुन्हा जाऊन हिरवं दाबायचं. वडिलांची रात्रीची निम्मी पायपीट त्या एका बटणासाठी आहे.

मोबाईल स्टार्टरमधे काय करतात तर दोन छोटे रिले (विजेवर ओढले जाणारे स्विच) जोडतात, एक हिरव्या बटणाला समांतर आणि एक लाल बटणाच्या सिरीजमधे. आत मोबाईलचाच एक मॉड्यूल असतो, फक्त स्क्रीन वगैरे काही नाही. तुम्ही कॉल केला की तो मॉड्यूल शेजारच्या चिपला कळवतो की रिंग येतेय आणि नंबर हा हा आहे. चिपमधे तुम्ही आधी भरून ठेवलेले नंबर असतात, जुळला तर रिले एक-दोन सेकंद ओढला जातो म्हणजे कोणीतरी हिरवं दाबलं असं झालं, नाही जुळला तर कॉल कट. काहींमधे कॉल उचलला जातो आणि मग १ दाबा, २ दाबा असं असतं. पुढची गोष्ट महत्त्वाची. मोटारीच्या वायरीभोवती सीटी म्हणून एक रिंग असते, ती करंट मोजते. करंट खरंच आला का ते बघून डबा तुम्हाला मेसेज करतो, मोटार चालू, तीन फेजचे व्होल्ट इतके, अँपिअर इतके.

पैसे द्यायचे ते या मोजण्याचे. कॉल करून चालू करणं हा फुकटचा भाग समजा. ५ एचपीची मोटार नीट पाणी ओढत असेल तर साधारण सात-साडेसात अँपिअर घेते. बोअरचं पाणी तळाला गेलं आणि मोटार कोरडी फिरायला लागली की अँपिअर एकदम पडतात. गाळ अडकला, बेअरिंग धरलं की वर चढतात. एक फेज उडाला की उरलेल्या दोघांवर सगळा लोड येतो आणि वायंडिंग जळतं. उन्हाळ्यात माझ्याकडे जळून येणाऱ्या मोटारींत कोरड्या चाललेल्या आणि दोन फेजवर चाललेल्याच जास्त. हा डबा ते बघून आपोआप बंद करतो आणि कशामुळे बंद केली ते कळवतो.

एकच करा, बसवणारा घाईत असतो, कंपनीतून आलेले आकडे तसेच ठेवून चहा पिऊन जातो. मोटार भरपूर पाण्यात चालू असताना तुमच्या मोटारीचे अँपिअर मोजून घ्या आणि ड्राय रन, ओव्हरलोड दोन्ही त्याप्रमाणे लावायला सांगा, समोर उभं राहून.

पाईपाचं म्हणाल तर फुटला की दाब पडतो. ठिबकच्या फिल्टरजवळ प्रेशर स्विच बसवून तो स्टार्टरला जोडला तर मोटार बंद होईल आणि निरोप येईल. बुजवायला माणूसच लागतो, तिथे वडील जिंकले.

उंटावरचा_शहाणा

तात्या एक नंबर. मी सॉफ्टवेअरच्या बाजूने लिहितो.

तात्यांनी सांगितलेल्या प्रकारात इंटरनेटचा संबंधच नाही, साधा कॉल आणि मेसेज, आणि मला विचाराल तर हीच त्याची जमेची बाजू आहे. ४जी-ॲपवाल्यात तुमचं ॲप आणि बोअरवरचा डबा कधीच एकमेकांशी थेट बोलत नाहीत. डब्याला लाईट मिळाली की तो स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि ती उघडीच ठेवतो, मधून मधून 'मी आहे' एवढं कळवत राहतो. तुम्ही पुण्यात बटण दाबलं की निरोप सर्व्हरला, सर्व्हर त्या उघड्या जोडणीतून तो डब्याला देतो, डबा रिले ओढतो, करंट आला का बघतो आणि तेच उलट्या वाटेने तुमच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका होऊन येतं. सर्व्हर मुंबईत असेल नाहीतर हैदराबादला. पुण्याहून निफाडला निघालेला निरोप आधी तिकडे जाऊन येतो, तरी सगळं सेकंद-दोन सेकंदात.

यासाठी बहुतेक जण एमक्यूटीटी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे निरोप द्यायची ठरलेली पद्धत, वापरतात. गंमत म्हणजे तो मुळात १९९९ मधे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी तेलाच्या पाइपलाइनसाठी केला होता, आडरानातल्या पाइपलाइनचा दाब सॅटेलाईटवरून कळवायचा, सॅटेलाईट महाग, म्हणून निरोप जमेल तितका छोटा. म्हणजे ठिबकच्या पाइपाला तो शोभून दिसतो.

आता सिमची भानगड, कारण निम्म्या तक्रारी इथेच असतात. स्वस्त स्टार्टरमधला मॉड्यूल २जीचा असतो. जिओकडे २जी नाहीच, २०१६ ला सुरू झाले तेच ४जीवर, त्यामुळे जिओचं सिम त्यात टाकलं तर नुसतंच पडून राहील. एअरटेल, व्हीआय नाहीतर बीएसएनएल, तुमच्या बोअरवर ज्याची रेंज आहे ते. घरी रेंज आहे म्हणून बोअरवर असेल असं नाही, त्या जागी उभं राहून, शक्यतो रात्री आणि लाईट नसताना बघा, काही गावांत लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही झोपतो. रिचार्ज संपला की इनकमिंगही बंद होतं हे विसरू नका. डेटाची गरज नाही, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर २०२५ पासून कंपन्यांनी नुसते कॉल-मेसेजचे पॅक काढलेत, त्यातला लांब मुदतीचा टाका.

आणि ॲपवालं घेताना दुकानदाराला एकच विचारा: तुमची कंपनी बंद पडली तर माझी मोटार चालू होईल का? हा तिरकस प्रश्न नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा घरातली उपकरणं चालवणारा हब होता, ३०० डॉलरचा. ती कंपनी गुगलच्या नेस्टने घेतली आणि मे २०१६ मधे सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरातला हब धडधाकट होता, फक्त निरुपयोगी झाला. आपल्याकडेही लहान कंपन्या येतात-जातात. ॲप बंद पडलं तरी हाताने हिरवं बटण चाललं पाहिजे, आणि कॉल-मेसेजची सोय जोडीला असेल तर उत्तम.

काळीमाती

निवांत भाऊ, मी दिंडोरीकडचा, बागाईतदार. आमच्याकडे दोन्ही प्रकार बसवून झालेत त्यामुळे फरक काय पडला ते मी सांगतो.

पहिलं म्हणजे तुमच्या खालच्या एकरातल्या पाटपाण्याला याचा काहीएक उपयोग नाही. मोटार तुम्ही पुण्यातून चालू केली तरी सरी भरली की पुढची सरी फोडायला माणूस रानात पाहिजेच, नाहीतर पाणी एका वाफ्यात तळं करणार आणि बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात जाणार, मग भांडण. वडिलांना रात्री घरी ठेवायचं असेल तर आधी त्या एकराला ठिबक नाहीतर तुषार करा, कांदा दोन्हीवर चांगला येतो. मोबाईल स्टार्टर त्यानंतर. दुकानदार हे सांगणार नाही कारण तो ठिबक विकत नसेल.

द्राक्षाला मात्र सोन्यासारखं काम होतं. लाईट आली, मेसेज आला, अंथरुणातून कॉल, प्लॉट भिजला, परत कॉल, झोप. म्हातारा माणूस रात्री बाहेर पडत नाही यातच सगळं आलं. घोणस काय फक्त सिनेमात नसते.

आता सेन्सर. पानाच्या ओलेपणाचा सेन्सर म्हणजे पानाएवढी एक पट्टी, त्यावर तांब्याच्या बारीक रेघा एकमेकींत घातलेल्या, दव पडलं की त्यांच्यातलं विजेचं माप बदलतं, त्यावरून पान किती तास ओलं होतं ते कळतं. डाऊनी या बुरशीच्या रोगाचा सगळा खेळ त्या तासांवर आणि तापमानावर आहे. गोडी छाटणीनंतर फुटवे निघतात त्या दिवसांत ढग आले की आपण घाबरून फवारतो, शेजारचा ट्रॅक्टर निघाला की आपलाही निघतो. पान फार वेळ ओलं राहिलंच नाही असं समोर दिसलं तर एखादा फवारा वाचतो. एखादाच म्हणतोय, दुकानदार निम्मे वाचतात म्हणेल. आणि भुरी या दुसऱ्या बुरशीला पान ओलंच लागतं असं नाही हे लक्षात ठेवा, ढगाळ दमट हवेत ती कोरड्या पानावरही येते, सेन्सर शांत आहे म्हणून आपण शांत बसायचं नाही.

जमिनीतल्या ओलाव्याच्या सेन्सरबद्दल माझं मत तितकं चांगलं नाही, निदान आपल्या काळ्या रानात. माती वाळली की भेग पडते, भेग सेन्सरपाशी पडली तर त्याच्याभोवती हवा, मग तो ओरडतो रान कोरडं आणि फुटभर बाजूला कुदळ मारली तर गोळा होतो मातीचा. ते दोन टोकांचे स्वस्तातले काटे तर घेऊच नका, विजेने एका हंगामात गंजून जातात. घ्यायचं तर कपॅसिटिव्ह नाहीतर सरळ टेन्शिओमीटर (माती पाणी किती घट्ट धरून आहे ते मोजणारा), एक फुटावर एक आणि दोन फुटांवर एक, आणि ड्रिपरपासून किती अंतरावर लावलाय ते लिहून ठेवा, नाहीतर दोन प्लॉटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसाल. बारामतीला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला घेऊन उसात सेन्सर, सॅटेलाईट आणि एआय असा मोठा प्रयोग केलाय, चांगली गोष्ट आहे, पण त्यांच्याकडे आकडे वाचायला शास्त्रज्ञ बसलेत. आपल्याकडे आकडे आले की वाचणारे आपणच.

जाता जाता. तुमच्या बागेत हवामान केंद्र नसलं तरी तुमच्या महसूल मंडळात महावेध या सरकारी हवामान केंद्रांच्या जाळ्यातलं एक असणारच, राज्यभर दोन हजारांवर आहेत. हवामान आधारित फळपीक विम्याचे पैसे त्याच्या आकड्यावर ठरतात. पाऊस तुमच्या बागेत झोडपून गेला आणि केंद्रावर भुरभुरला तर कागदावर भुरभुरच. तुमच्या स्वतःच्या महागड्या केंद्राचे आकडे तिथे कोणी विचारत नाही. मशीनचा आपल्या जगण्यावर परिणाम काय म्हणून विचारलंत, तर हा घ्या.

लाईनवरचा_माणूस

वीज खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. इथे सगळे मोटारीवर बोलतायत, डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, कोणीच नाही, म्हणून लिहितोय.

मोबाईल स्टार्टरमधे 'ऑटो' म्हणून एक मोड असतो. लाईट आली की कोणी कॉल न करता मोटार आपोआप चालू. साधे ऑटो स्विच तर गावोगावी वर्षानुवर्षं आहेत. शेतकऱ्याला वाटतं माझी एक मोटार, काय बिघडतं. हिशोब बघा. ६३ केव्हीएच्या डीपीची ताकद साधारण ८५ अँपिअर. त्यावर ५ एचपीच्या दहा मोटारी धरा, चालू असताना पंच्याहत्तर अँपिअर, म्हणजे बसतं. पण मोटार चालू होताना पहिले काही क्षण सहापट करंट खेचते. दहा जणांनी आपापल्या वेळेला येऊन बटण दाबलं तर कोणाला कळतही नाही. दहाही ऑटोवर असतील तर लाईट आल्याच्या त्याच क्षणी साडेचारशे अँपिअर. व्होल्टेज धाडकन खाली, मोटारी फिरायच्या ऐवजी घुमत राहतात, त्यामुळे जास्तच करंट, मग फ्यूज जातो, आणि फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातली असेल तर डीपीच जातो. मग पंधरा दिवस डीपी बदलून मिळत नाही म्हणून आमच्या नावाने शिमगा. महावितरण दर हंगामात ओरडून सांगतं ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, कोणी ऐकत नाही.

तुम्ही घ्याल त्या डब्यात 'ऑन डिले' असतो, लाईट आल्यावर किती वेळाने चालू करायचं तो. डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेगवेगळा वेळ लावा, एकाने दोन मिनिटं, दुसऱ्याने चार, तिसऱ्याने सहा. आणि ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावा, करंट कमी होतो आणि व्होल्टेजही सुधारतं.

अजून एक, खर्च करायच्या आधी कचेरीत जाऊन विचारा तुमचा फीडर, म्हणजे गावाला वीज आणणारी लाईन, सौर कृषी वाहिनीत आहे का. ती योजना २०१७ ची, २.० आली २०२३ मधे. तसा असेल तर लाईट दिवसाच मिळणार आणि रात्रीचा प्रश्नच मिटला. स्वतःचा सौरपंप मिळत असेल तर त्याच्या कंट्रोलरमधेच सिम असतं, किती तास चालला, किती वीज झाली ते कंपनीला आणि सरकारला बसल्या जागी दिसतं.

गुळपोळी

शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही पण धागा वाचायला मजा येतेय. थोडं अवांतर, आमच्या सोसायटीत नवीन टीओडी (वापराच्या वेळेप्रमाणे दर लावणारे) मीटर लावून गेले, तोही यातलाच प्रकार का? सासरे म्हणतात आता आपण गीझर कधी लावतो ते सरकारला कळणार.

लाईनवरचा_माणूस

गुळपोळी ताई, हो, त्यातलाच. मीटर पाव किंवा अर्ध्या तासाचं वापराचं माप साठवतो आणि आतल्या सिमवरून नाहीतर रेडिओवरून पाठवतो, रीडिंगला माणूस येत नाही. गीझर असं नाव कळत नाही, पण सकाळी साडेसहाला वापर दोन किलोवॅटने चढला तर शहाण्याला कळेल की. दिवसा ९ ते ५ च्या वापराला सवलत आहे, वॉशिंग मशीन तेव्हा लावा.

तिकडची_मी

मी न्यू जर्सीत असते, आई-बाबा सांगलीला. मोटार नाही पण कॅमेरे आहेत आमच्याकडे, त्यामुळे 'लांबून घर चालवणं' यावर चार शब्द.

बाबा पडले त्यानंतर भावाने हॉलमधे आणि जिन्यात कॅमेरे लावले, मोबाईलवर दिसतील असे. हेतू चांगलाच होता. हळूहळू काय झालं तर आम्ही दोघं इकडून फोन करायचो, बाबा तुम्ही औषध न घेता झोपलात, आई तू स्टुलावर का चढलीस. एकदा बघितलं तर हॉलच्या कॅमेऱ्यावर टॉवेल. आईला विचारलं तर म्हणाली, "वाळत घातलाय." कॅमेऱ्यावर! मग समजलं. आता जिन्यातला तेवढा ठेवलाय, आणि तो बंद-चालू करायचं बटण आईच्या हातात.

तुमच्या वडिलांचं पाईपाबद्दलचं वाक्य मला तसंच वाटतंय. बोअरवर जाणं हे त्यांचं काम आहे, ते मुलाने पुण्यातून काढून घेतलं तर तो स्टार्टर वर्षभरात 'नादुरुस्त' होईल बघा. सगळ्यात आधी त्यांचा नंबर त्यात भरा आणि तुमचा भरूच नका, निदान पहिला हंगाम. चालू-बंद त्यांनी करायचं.

उंटावरचा_शहाणा

तिकडची_मी, टॉवेल भारी, हाहा. कॅमेऱ्यांवरून आठवलं, आलेला पासवर्ड बदललाय ना? २०१६ मधे मिराय नावाच्या व्हायरसने हेच केलं, जगभरचे कॅमेरे आणि राउटर शोधायचे, कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड घालून बघायचे, उघडला की आपल्या फौजेत. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) नावाच्या, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कितीतरी साइट अमेरिकेत काही तास बंद. मिराय लिहिणारी कॉलेजच्या वयाची पोरं निघाली. आणि ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्यांच्या घरी चित्र व्यवस्थित दिसत होतं, त्यांना पत्ताच नाही.

निवांत, तुमच्या स्टार्टरलाही पिन असतो आणि तो १२३४ किंवा ०००० असतो. बदला. गावात टवाळ पोरं कमी नसतात.

रेंजच नसेल तर अजून एक पर्याय आहे, लोरा. एक डबा बोअरवर, एक घरात, दोघं रेडिओवर बोलतात. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला भारतात लायसन्स लागत नाही, फास्टॅगही त्याच पट्ट्यात वाचला जातो. मधे टेकाड नसेल तर किलोमीटरभर आरामात जातं, आणि सिम नाही म्हणजे रिचार्जही नाही.

निवांत_निफाडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वडिलांना फोनवर धागा वाचून दाखवला. पाटपाण्याचा मुद्दा ऐकून म्हणाले, "हा काळीमातीवाला शेतकरी आहे, बाकीचे हुशार आहेत."

ठरलंय ते असं. फीडरचं आई सोमवारी कचेरीत विचारून येणार आहे. तोवर फक्त बागेसाठी साधा कॉलवाला स्टार्टर, नंबर वडिलांचा आणि आईचा, मेसेज तिघांना. खालच्या एकराला पुढच्या कांद्याला ठिबक. सेन्सरचं किट नाही घेत.

एक शंका राहिली. वडील बोअरवर काम करत असताना, म्हणजे वायर जोडताना वगैरे, आईने घरून चुकून कॉल लावला तर?

वायरमन_तात्या

बरं झालं विचारलंत, हे मीच आधी लिहायला पाहिजे होतं असं कोणी म्हणायच्या आत लिहितो. मेसेजने बंद झालेली मोटार ही बंद नाही, ती कधीही चालू होऊ शकते. लाल बटण दाबलं तरीही, कारण पुढचा कॉल रिलेला हिरवंच दाबायला लावणार. काम करायचं असेल तर मेन स्विच खाली ओढायचा आणि तिन्ही किटकॅट (फ्यूजचे ठोकळे) काढून स्वतःच्या खिशात घालायचे. पेटीत ठेवायचे नाहीत, खिशात. मग कोणीही कॉल करो.

स्टार्टरवर ऑटो/मॅन्युअलची कळ असते, ती मॅन्युअलला केली की कॉल घेत नाही असं बसवणारा सांगेल. काही डब्यांत घेत नाही, काहींत नुसता ऑटो रिस्टार्ट बंद होतो आणि कॉल चालूच राहतो. बसवताना कळ मॅन्युअलला करून समोर कॉल लावून बघा. तरी किटकॅट काढायचेच.

मेन स्विचचं हँडल सैल झालेलं असतं बऱ्याच ठिकाणी, ओढलं तरी एक पातं चिकटून राहतं. टेस्टरने तिन्ही फेज बघितल्याशिवाय वायरीला हात लावू देऊ नका. पेटीला अर्थिंग आहे का तेही त्याच दिवशी बघून घ्या, ओढ्याकाठचं रान म्हणताय म्हणजे पायाखाली ओल असणार. आणि अँटेना लोखंडी पेटीच्या बाहेर काढा, आत ठेवली की रेंज जाते आणि लोक कंपनीला शिव्या देतात.